किसांगाचा गूळ

कुरुंदवाड
१६ नोव्हेंबर १९९७

सोमू,

त्या सकाळी मी रानभेंडीचे दांडे सोलत बसले होते. समोर शेजारची बायडाबाई, मध्ये पाटा. दांडे ठेचायचे, घागरीतल्या पाण्यात चुरायचे, फडक्यातून गाळायचं आणि ते चिकट पाणी गुऱ्हाळावर पोचवायचं. मग घरी येऊन भाकरी थापायच्या, म्हशीला पेंड घालायची. तुझे दाजी रसाच्या काहिलीशी उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आणलीस व्हय? वत की मग, मळी वर आलीया." मी पाणी ओतलं आणि घरी आले. रोजच्यासारखी सकाळ होती. त्याच हंगामात ते गेले, म्हणून ती सकाळ माझ्याजवळ राहिली. यंदा दोन वर्षं झाली.

आज गुऱ्हाळं पेटली. वाऱ्यावर वास आला आणि तुझी आठवण झाली. त्यांच्या हाताखालीच तू हे काम शिकलास, पुढे डिप्लोमा केलास, नोकरीला लागलास. आणि आता हे.

वाचनालयात पेपर वाचायला बसणाऱ्या पिराजींनी विचारलं, "तुमचा भाऊ परदेशी गेलाय म्हणं?" मी सांगितलं, आपलं सरकार आफ्रिकेत टांझानियाला चार घाणे, चार ऑइल इंजिनं आणि आठ काहिली भेट देतंय. सोबत गूळ करायला शिकवणारा माणूस म्हणून माझ्या भावाला दोन वर्षांसाठी धाडलंय. तर म्हणाले, "म्हंजे मशीनवर माणूस फुकट!" मला हसू आलं. राग आला नाही.

तिथे भेंडी मिळते का, ते पहिल्या पत्रात कळव. पाणी उकळून पी.

तुझी आक्का


किसांगा, मोरोगोरोच्या पुढे
१४ डिसेंबर १९९७

आक्का, पाया पडतो.

तुझं पत्र तीन आठवड्यांनी मिळालं. किसांगा हे गाव आपल्या शिरोळ तालुक्यातलं वाटावं असं आहे, फक्त माती लाल आणि डोंगर जवळ. ऊस चांगला आहे, वर्षभरापूर्वी मक्याच्या जमिनीत नव्याने लावलेला. गुळाला इथे सुकारी गुरू म्हणतात. पूर्वी आपल्याकडच्याच कुणीतरी तो इथे आणला असावा.

इथे मोठ्या बाईला मान देऊन 'मामा' म्हणतात. पहिल्या दिवशी माझी फार पंचाईत झाली. चाळीस घरांचा एक गट केलाय, त्याची प्रमुख मामा रेहेमा. उंच, जाड, आवाज असा की इंजिन बंद पडल्याचं कळू नये. करार असा आहे की यंत्रं आपली, ऊस आणि जागा त्यांची. गुळाचं कोठारही त्यांनीच बांधलं. त्यावरचं छप्पर मामा रेहेमाचा नवरा हमीसी याने शाकारलं.

आणि गूळ! आक्का, सोन्यासारखा पिवळा. मागच्या आठवड्यात आपल्या दूतावासातले साहेब राजधानीतून मुद्दाम आले. ढेप हातात घेऊन फोटो काढला. तो इथल्या पेपरात छापून आला. साहेब म्हणाले, "सोमशेखर, अशा एका फोटोला दहा भाषणांची किंमत असते." दाजी असते तर म्हणाले असते, "फोटू कशाला, खाऊन बघ म्हणावं."

तुझा
सोमू


कुरुंदवाड
११ जानेवारी १९९८

सोमू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि बायडाबाईला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणते, "मामा म्हंजे बाई? मग मामीला काय म्हणत्यात?" हे विचारून घे, नाहीतर ती मला झोपू देणार नाही.

वाचनालयात वाद झाला. आकाराम इंजिनवाला म्हणाला, "आपल्या गावाला धड रस्ता न्हाय आन् सरकार तिकडं इंजिनं वाटतंय." त्याचं खोटं नाही. मी पेपर वाचते, पण त्यात कोण कुणाला भेटलं एवढंच असतं, का भेटलं ते नसतं. तुझ्या साहेबांना विचार. सरकार हे का करतं? खरं असेल ते सांगायला सांग, भाषण नको.

दुसरं. गूळ सोन्यासारखा पिवळा झाला म्हणतोस. नव्या जमिनीतल्या उसाचा, पहिल्याच हंगामात? भेंडीच्या पाण्याने गूळ स्वच्छ होतो, पण रंग तांबूस येतो. तू तिथे काय वापरतोस? भेंडी मिळाली का, याचं उत्तर राहिलं.

आक्का


किसांगा
२० फेब्रुवारी १९९८

आक्का, पाया पडतो.

साहेब परत इकडे आले तेव्हा त्यांना विचारलं. ते खुर्चीतून उठून माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "बहिणीला लिहा की यात दान थोडं आणि गरज जास्त आहे. जगातल्या देशांच्या सभेत आपण काही मांडलं तर बाजूने हात वर करणारे हवेत. आपल्याला इथला काजू हवा. आपल्या कारखान्यांना गिऱ्हाईक हवं. समुद्रापलीकडचा शेजारी ओळखीचा हवा. मोठे देश इथे धरणं बांधतात, रेल्वे टाकतात. आपल्या खिशात तेवढं नाही. म्हणून आपल्याला जे येतं ते आपण द्यायचं." मग म्हणाले, "त्यांनाही हे कळतं. ते खुळे नाहीत. दोघांचं भलं होत असेल तरच हे टिकतं."

आकारामला हे वाचून दाखव. आणखी एक सांग, इथली इंजिनं कोल्हापूरकडचीच आहेत. त्याच्या रस्त्याचं मात्र मला काही करता येत नाही.

इथे यंदा पावसाने फार जोर केलाय. माझी तब्येत बरी आहे. मामीला काय म्हणतात ते मामा रेहेमाला विचारलं, ती इतकी हसली की खाली बसली.

सोमू


कुरुंदवाड
२ जून १९९८

सोमू,

तीन महिने झाले, पत्र नाही. मी दोन धाडली, मिळाली असतील. बायडाबाईचं मत आहे की तुला तिकडे कुणीतरी बाई भेटली. "पोरगं वंगाळ न्हाय, पर एकटं हाय की," म्हणते. मला ते वाटत नाही. मला वाटतं तुला ताप आला असेल आणि तू लपवतोयस.

इकडे पोखरणला अणुस्फोट झाले. गावात साखर वाटली. चार दिवसांनी पेपरात आलं की बऱ्याच देशांनी आपल्याला द्यायची मदत थांबवली. पिराजी मला म्हणाले, "आता तुमच्या भावाचंबी काम बंद व्हणार बघा. घरात कमी आलं की पावण्याचं ताट आधी बारीक व्हतंय." तेव्हापासून तुझी जास्तच काळजी लागली.

तू लहानपणी आईची काचेची बरणी फोडलीस, त्या दिवशी शाळेतली प्रत्येक गोष्ट सांगत बसला होतास. बरणी सोडून सगळं. तुझ्या शेवटच्या पत्रात साहेब आहेत, पाऊस आहे, मामी आहे. भेंडी नाही. मी दोनदा विचारलं होतं.

काय झालंय ते लिही. तापाचं असेल तर तापाचं लिही.

आक्का


किसांगा
२४ जून १९९८

आक्का,

ताप नाही. बाईही नाही. बरणी फोडली आहे.

मी इथे हायड्रॉस वापरलं. येताना कोल्हापुरातून रंग उजळायच्या त्या पावडरीचा पाच किलोचा डबा ट्रंकेत घालून आणला होता. पहिला गूळ काळपट तांबडा झाला, आणि आठवड्यावर साहेबांची भेट आली. कोल्हापूरच्या पेठेत पिवळ्या गुळावर बोली चढते आणि काळ्याला कुणी हात लावत नाही. तेच माझ्या डोळ्यांत बसलेलं. इथे पिवळा गूळ कुणी मागितलाच नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पावडर टाकली, गूळ पिवळा झाला, फोटो निघाला. मग थांबता आलं नाही.

मार्चपासून पाऊस लागून राहिला. हायड्रॉसचा गूळ दमट हवेत टिकत नाही हे मला नोकरीतच शिकवलं होतं. सहाशे ढेपा काळ्या पडल्या, पाझरायला लागल्या. मोरोगोरोच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला. चाळीसातल्या पंचवीस घरांनी ऊस द्यायचं थांबवलं.

साहेबांना कळवताना मी लिहिलं की कोठाराचं छप्पर गळलं.

ऑगस्टमध्ये दिल्लीहून तिघेजण येणार आहेत. पैसा आता जपून खर्च करायचाय, म्हणून प्रत्येक कामाची तपासणी आहे. किसांगा चांगलं दिसलं तर आणखी तीन वर्षं आणि दोन नवी केंद्रं. नाही दिसलं तर बंद. चाळीस घरांनी मक्याची जमीन मोडून ऊस लावलाय, आक्का. केंद्र बंद झालं तर तो ऊस घेणारं इथे जवळपास कुणी नाही.

मला भेंडीचं प्रमाण सांग. दाजींना मी कधी विचारलं नाही. भेंडी घरून यायची, एवढंच मला माहीत होतं. ऑगस्टपर्यंत चांगला गूळ करून दाखवला तर जुनं कुणी काढणार नाही.

सोमू


कुरुंदवाड
१२ जुलै १९९८

सोमू,

प्रमाण आधी सांगते, कारण त्यात चाळीस घरांचा घास आहे.

हिरवे दांडे घे, वाळलेले नकोत. साल काढून ठेच आणि गार पाण्यात हाताने चूर. पाणी किती ते मापाने सांगता येत नाही. दोन बोटांत धरून वर उचललं की वीतभर तार आली पाहिजे. तुटली तर अजून चूर, बोटाला गोळा लागला तर पाणी घाल. रस कोमट झाला, कडेला फेस धरायला लागला की अर्धं ओत. मळी घट्ट होऊन वर येईल, ती झाऱ्याने काढ. उकळी फुटायच्या आत उरलेलं ओत. उकळी फुटल्यावर ओतलंस तर मळी रसातच विरते. चुन्याची निवळी अगदी थोडी. बस. रंग तांबूस येईल आणि गूळ पुढच्या पावसापर्यंत राहील. भेंडी नसेल तर तिथल्या बायकांना विचार, त्यांच्या जेवणात बुळबुळीत भाजी कोणती असते. ती चालेल असं मला वाटतं.

आता दुसरं. तुझे दाजीही हायड्रॉस वापरत होते. चार वर्षं वापरलं. सगळेच वापरत होते. मग एका वर्षी आषाढात आपल्याच घरातली ढेप पाझरली. ती ढेप घेऊन ते चार शेतकऱ्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "ह्यो माझा गूळ हाय. माझंच चुकलं." त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी गूळ शिजवायला दुसरा गुळव्या बघितला. घरी येऊन ते जेवले आणि शांत झोपले. हे तुला त्यांनी सांगितलं नसेल.

पावडर टाकलीस ते मी समजू शकते. पण छप्पर? हमीसीने ते आपल्या हाताने शाकारलं. ज्यांच्याशी नातं जोडायला सरकारने तुला भाडं देऊन पाठवलं, त्यांच्याच छपरावर तू खापर फोडलंस. दिल्लीचे तिघे काय वाचणार? इंजिनं चांगली, आपला माणूस चांगला, तिथल्या माणसांना छप्पर शाकारता येत नाही. असं लिहून कुणाशी मैत्री होते?

तुझ्या साहेबांचं म्हणणं मला पटलं होतं. मी आकारामलाही पटवलं. माझ्या काडेपेटीवरचा कर त्या घाण्यांत आहे, तेव्हा विचारायचा हक्क मलाही आहे. तिघे यायच्या आत साहेबांना सांग. आणि त्यांच्याही आधी हमीसीला सांग.

नोकरी गेली तर घरी ये. भाकरी आहे.

आक्का


किसांगा
३० ऑगस्ट १९९८

आक्का, पाया पडतो.

हमीसीला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शिडी आणून कोठाराला लावली. मला म्हणाला, वर चढ. छप्पर दाखवलं, एक एक पेंढी उचलून. कुठेही ओल नव्हती. मग खाली उतरून निघून गेला. दोन दिवस इकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी उसाची गाडी घेऊन आला.

मामा रेहेमाने डबा कुठे आहे विचारलं. मी दाखवला. तिने वास घेतला आणि म्हणाली, "हा वास आम्हाला पहिल्या पिवळ्या ढेपेपासून येतोय. आम्हाला वाटलं तुम्ही भारतातले लोक असाच खाता." आणि हसत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना भेटायला राजधानीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिहून द्या. छपराचं पहिल्या ओळीत." मी लिहून दिलं.

भेंडी इथे आहे, बामिया म्हणतात, पण दांडे पुरेसे मिळेनात. तेव्हा तुझा प्रश्न विचारला. आक्का, इथे बायका म्लेंडा नावाची पालेभाजी करतात, अशी बुळबुळीत की घास घशाखाली आपोआप उतरतो. मामा रेहेमाने तो पाला ठेचला, पाण्यात चुरला. मी दोन बोटं बुडवली. तार आली, पण आखूड. ती म्हणाली, "सरक," आणि आणखी पाला घातला. वीतभर तार आली. कधी ओतायचं ते मी सांगितलं. पहिल्या दोन काहिली बिघडल्या, तिसरी जमली. गूळ तांबूस, कडक, सुरेख.

तिघे आले तेव्हा कोठारात काळ्या ढेपाही ठेवल्या होत्या आणि नव्याही. साहेबांनी माझा कागद आधीच त्यांच्या हातात दिला होता. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी मला काही विचारलंच नाही, गटातल्या बायकांना विचारलं, "केंद्र हवं का?" मामा रेहेमा म्हणाली, "हवं. आणि आणखी चार इंजिनं आमच्या पैशांनी घेऊ, पण याच बनावटीची. हा माणूस खोटं बोलला आणि मग येऊन खरं बोलला. याच्या आधी जे आले, ते सामान ठेवून निघून गेले." साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण वहीत काहीतरी भराभर लिहिलं.

तीन वर्षं मंजूर झाली. दोन नवी केंद्रंही. माझ्या नोकरीच्या नोंदवहीत लेखी ताकीद लागली, तिची प्रत मी जपून ठेवणार आहे.

आता मुख्य. जेवताना मामा रेहेमाने विचारलं, "चिकट पाण्याचं तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने, पत्रातून. ती म्हणाली, "मग त्यांनी तुला का पाठवलं?" सगळे हसले. दिल्लीचे साहेब हसले नाहीत. त्यांनी तुझं नाव विचारून घेतलं. नव्या केंद्रांवर शिकवायला एका माणसाची जागा आहे, सहा महिन्यांसाठी, भाडं आणि राहणं सरकारचं. गटाने लेखी मागणी केली आहे, सोबतच्या लिफाफ्यात तिची प्रत आहे. पासपोर्टचा अर्ज महिन्याभरात करावा लागेल, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

तू त्रेपन्न वर्षांची आहेस. बेळगावच्या पुढे गेलेली नाहीस. नको म्हणालीस तरी कुणी काही म्हणणार नाही. मी नुसतं विचारतोय.

सोमू


कुरुंदवाड
२१ सप्टेंबर १९९८

सोमू,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. मामा रेहेमाला सांग, मी तिची फार आभारी आहे. तिने तुला हसून सोडलं, मी एवढ्या सहज सोडलं नसतं. हमीसीला सांग, त्याचा राग बरोबर होता. तुझ्या साहेबांचेही उपकार आहेत. पहिल्या ओळीत लिहायला सांगणारा माणूस सरकारात असतो, हे मला माहीत नव्हतं. वाचनालयात मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, हायड्रॉससकट. आकाराम म्हणाला, "चार इंजिनांची ऑर्डर आली म्हणा की! मग बरोबर हाय सरकारचं." त्याचा रस्ता अजून झालेला नाही, तरी म्हणाला.

तुझ्यावरचा रागही गेला. तू लपवलंस ते मी विसरणार नाही, सांगितलंस तेही विसरणार नाही.

बायडाबाई म्हणाली, "खुळी हैस काय! ह्या वयात? विधवा बाई एकटी इमानात?" शेजारच्या दोघी आल्या, त्याही तेच म्हणाल्या. संध्याकाळी शेतात तुझ्या दाजींच्या समाधीजवळ जाऊन बसले. तीस हंगाम मी घागर पोचवली आणि घरी आले. काहिलीपाशी कधी थांबले नाही, कुणी थांब म्हटलं नाही आणि मलाही तसं कधी वाटलं नाही. आज ते असते तर काय म्हणाले असते, याचा विचार केला. ते नाहीत, आणि त्यांच्या वतीने मी बोलू नये असं वाटलं. अंधार पडायच्या आत घरी आले. रडू आलं, पण ते नेहमीचंच होतं.

शनिवारी सकाळी मी पहिल्या एसटीने कोल्हापूरला गेले. कलेक्टर कचेरीसमोर टायपिंग करणारे बसतात, त्यातल्या एकाकडून पासपोर्टचा अर्ज भरून घेतला. पतीचं नाव विचारल्यावर मी ते तोंडाने घेतलं नाही, त्याच्याकडून कागद मागून स्वतः लिहून दिलं, बसलिंगाप्पा. व्यवसायाच्या रकान्यात तो न विचारता 'घरकाम' टाईप करायला लागला. मी त्याला थांबवलं आणि 'गुळव्या' लिहा म्हणाले. तो म्हणाला, "आक्का, गुळव्या गडी असतोय की." मी म्हणाले, "लिहा." त्याने लिहिलं, आणि मी खाली सही केली.

रुद्राणी